थवा दिसतो, पण ढोलीत पिल्लू आहे का?

राजारामपुरीत आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, गेल्या दिवाळीत मकाव, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मोठा पोपट, आला. निळी पाठ, पिवळं पोट, शेपटीसकट जवळजवळ तीन फूट. सकाळी सातला तो पहिली आरोळी ठोकतो तेव्हा दूधवाला गाडी बंद करून वर बघतो. त्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक आज्जी राहतात. त्यांच्याकडे अकरा वर्षं राघू होता. पिंजरा मागच्या दारी टांगलेला; पेरू कापला की पहिली फोड त्याची. देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, हे नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि घरच्यांनी घाबरून राघू वनखात्याकडे सोपवला. परवा आज्जींनी मला जिन्यातच गाठलं. "माझा राघू इथला, तर मी गुन्हेगार. आणि त्यांचा तो साता समुद्रापलीकडचा, तर ते हौशी. हे कसलं रे तुमचं कायद्याचं?"

प्रश्न चोख आहे. जिन्यात उभं राहून मी त्याचं धड उत्तर देऊ शकलो नाही. "कायदाच तसा आहे आज्जी" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबचं आहे. ते ब्राझीलच्या एका झाडाच्या ढोलीतून, आफ्रिकेतल्या डिंकाच्या फांदीवरून फिरून पुन्हा आपल्या गल्लीत येतं. म्हणून हा लेख.

## आधी कायद्याची भानगड

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांची पकड आणि विक्री पूर्ण बंद झाली. राघू, जांभळ्या डोक्याचा टोई पोपट, डोंगरी मैना, मुनिया, सगळे त्यात आले. कायद्याच्या लेखी राघू हा पाळीव प्राणी नाहीच. बिबट्या जसा रानाचा, तसाच राघू रानाचा. त्याला पिंजऱ्यात ठेवलं तर कैद आणि दंड दोन्हीची तरतूद आहे. पोपटाकडून चिठ्ठी काढून भविष्य सांगणारे ज्योतिषीही त्याच कलमाच्या तडाख्यात येतात.

पण हा कायदा भारतातल्या प्राण्यांसाठी लिहिलेला होता. मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे हे परदेशी पक्षी त्याच्या याद्यांत नव्हतेच. सीमेवर कस्टमनं पकडलं तर पकडलं. एकदा देशात शिरले की त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

जगाच्या पातळीवर मात्र एक करार होता, आणि आहे. त्याचं नाव साइट्स. धोक्यात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापाराला लगाम घालणारा हा करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये ठरला, १९७५ मध्ये लागू झाला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. त्याच्या याद्या आहेत. पहिल्या यादीतला रानातला पक्षी धंद्यासाठी देशाबाहेर नेताच येत नाही; दुसऱ्या यादीतला परवान्यानं नेता येतो. जगातले जवळजवळ सगळे पोपट या याद्यांत आहेत. अपवाद फक्त चार: आपल्याकडे बाजारात सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे बजरिगर, कॉकेटील, गुलाबी तोंडाचा खरा लव्हबर्ड, आणि चौथा कोण? आपला राघू! जगाच्या यादीत जो नाही त्याला आपल्या कायद्यानं कुलूप घातलं, आणि जगाच्या यादीतले परदेशी आपल्याकडे मोकळे राहिले. आज्जींचा गोंधळ झाला तो उगाच नाही.

ही फट बुजवायला सरकारला वेळ लागला. २०२० मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून जाहीर करायची मुभा दिली, २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून साइट्सच्या याद्या आत घेतल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आता असा पक्षी ज्याच्याकडे आहे त्यानं 'परिवेश' पोर्टलवर तो नोंदवायचा. पिल्लू झालं, कुणाला दिला, मेला, तर तेही कळवायचं. म्हणजे समोरचा मकाव 'चालतो' तो कागद असेल तर. कागद कसे तयार होतात, त्याची गंमत पुढे सांगतो.

## पोपटाला घर बांधता येत नाही

सगळ्या अडचणींचं मूळ इथं आहे, आणि पोपटावर प्रेम करणाऱ्या माणसांनाही ते ठाऊक नसतं.

सुगरण विणते, कावळा काड्या रचतो, शिंपी पानं शिवतो. पोपटांच्या सुमारे ४०० जाती आहेत, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या, आणि त्यांपैकी जवळजवळ सगळ्या ढोलीत अंडी घालतात. काड्यांचं घरटं बांधणारा दक्षिण अमेरिकेतला मंक पोपट हा अगदीच वेगळा. बाकीचे सगळे भाडेकरू. चोचीनं ढोली थोडी रुंद करतील, आतला भुसा कोरतील, पण कोऱ्या खोडात नवी ढोली पाडणं बहुतेकांच्या आवाक्यात नाही. ढोल्या पाडणारे कारागीर दुसरेच: सुतार आणि तांबट. नाहीतर काळ. फांदी मोडते, जखमेतून पाणी शिरतं, बुरशी लागते, गाभा कुजतो आणि पन्नास-साठ वर्षांनी कुणाच्या तरी कामाची खोली तयार होते.

मोठ्या पोपटाला मोठी खोली लागते. जांभळट निळा हायसिंथ मकाव हा उडणाऱ्या पोपटांत सगळ्यात लांब, जवळपास एक मीटर. ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात त्याची नव्वद टक्क्यांहून जास्त घरटी एकाच जातीच्या झाडात सापडतात. मांदुवी त्याचं नाव. ते आपल्या जंगली बदामाचं आणि सह्याद्रीतल्या कांडोळाचं चुलत भावंड. लाकूड मऊ, म्हणून ढोली होते. पण मकाव मावेल अशी ढोली पडायला झाडाचं वय किमान साठ वर्षं लागतं. त्यात आणखी एक मजा. मांदुवीच्या बिया रानभर पसरवण्याचं काम मुख्यतः टोको टूकान हा मोठ्या चोचीचा पक्षी करतो, आणि मकावची अंडी पळवून खाण्यातही तोच आघाडीवर. टूकान हाकलावा तर साठ वर्षांनी घर नाही, ठेवावा तर यंदा अंडं नाही. शेजारी असा मिळाला तर माणसं कोर्टात जातात.

१९८० च्या दशकात सुमारे दहा हजार हायसिंथ मकाव रानातून पकडून विकले गेले, असा अंदाज आहे. १९९० मध्ये नेइवा गेदेस या ब्राझिलियन जीवशास्त्रज्ञ बाईंनी कामाला सुरुवात केली. ढोल्यांची डागडुजी, लाकडी पेट्या टांगणं, गुरं राखणाऱ्या मालकांना झाड न तोडण्याबद्दल पटवणं. पांतानालमध्ये त्या मकावची संख्या वाढली. मग २०२० मध्ये वणव्यांनी त्या प्रदेशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाळला. साठ वर्षांची झाडं जळायला एक दुपार पुरते.

## "एक तोडलं तर दहा लावतो की!"

रस्ता रुंद करताना आपण हे वाक्य किती वेळा ऐकलंय! झाडाच्या बदल्यात झाडं लावली जातात, कधी ती जगतातही. सावलीचा, ऑक्सिजनचा हिशेब एक वेळ जुळेल. ढोलीचा जुळत नाही. आजोबा गेले म्हणून दहा बाळं पाळण्यात आणून ठेवली, तर घरात माणसं वाढली हे खरं. पण शेतीची कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत ते बाळांना कुठून ठाऊक असणार? आज लावलेल्या रोपात ढोली पडायला आजच्या पोपटाची नातवंडं-पतवंडं यावी लागतील, आणि तोवर त्यांनी अंडी कुठं घालायची याचं उत्तर त्या ठरावात नसतं.

उष्ण कटिबंधातल्या जंगलात हेच हजारपट प्रमाणात होतं. लाकूडतोडीत आधी जातात ती जाड, म्हातारी झाडं. उरलेलं रान वरून हिरवंगार दिसतं, उपग्रहाच्या फोटोतही जंगलच दिसतं. पण खोल्या गेलेल्या असतात. जिथं एखादी उरते तिथं मधमाश्या, घुबडं, साळुंक्या, साप सगळे रांगेत. कोल्हापुरात कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात भाड्याची खोली शोधलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

## दुकान उघडं, शाळा बंद

आता मूळ मुद्दा. गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या आतल्या एखाद्या वाडीत जाऊन या. पारावर माणसं बसलेली असतात, देवळात आरती होते, दुकान उघडं असतं. गाव नांदतंय असं वाटतं. मग शाळेत डोकावा: चार वर्ग, पाच पोरं. तरणी माणसं मुंबई-पुण्याला. गाव अजून वीस वर्षं नांदताना दिसेल आणि मग एकदम रिकामं होईल.

पोपटांच्या थव्याचं तसंच आहे. मोठे पोपट खूप जगतात. मकाव पिंजऱ्यात चाळीस-पन्नास वर्षंही काढतो. वयात यायलाही त्याला बरीच वर्षं लागतात. एका जोडीला दर वर्षी पिलं होतीलच असं नाही. पेरूच्या तांबोपाता भागात लाल मकाववर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलंय. तिथं मादी तीन-चार अंडी घालते, पण उडून जातं बहुधा एकच पिल्लू, फार तर दोन. धाकट्यांना आईबाप भरवतच नाहीत; ती उपाशी मरतात.

म्हणजे ज्या भागात सलग पंधरा वर्षं एकही पिल्लू ढोलीतून उडालेलं नाही, तिथंही संध्याकाळी थवा दिसतो. पन्नास पक्षी काल होते, पन्नास आज. पर्यटक फोटो काढतो, गाईड म्हणतो भरपूर आहेत. मोजणारानं पक्षी मोजले, त्यांची वयं मोजली नाहीत. पोपटांच्या बाबतीत आपली फसगत होते ती इथं, आणि आज जगातल्या पोपटांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त जाती धोक्यात आहेत त्याचं एक मोठं कारण हेच: ऱ्हास डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मराठीत फजितीला 'पोपट होणं' म्हणतात. इथं पोपट आपला होतो.

## पिल्लू बाजारात येतं कसं

पिल्लू बोलायला लवकर शिकतं, माणसाळतं, म्हणून गिऱ्हाइकाला पिल्लूच हवं. पकडणारा ढोलीपर्यंत चढतो. हात पोचत नसेल तर कुऱ्हाडीनं ढोलीचं तोंड फोडतो, कधी अख्खं झाडच पाडतो. पिलं एकदाच मिळतात, आणि खोली कायमची जाते. वरच्या गावाच्या भाषेत सांगायचं तर पोरं पळवून नेताना शाळाही पाडून ठेवली.

२००१ साली अमेरिका खंडांच्या उष्ण प्रदेशातल्या अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. १४ देश, २१ जाती, चार हजारांवर घरटी. सरासरी ३० टक्के घरट्यांतली पिलं चोरीला गेलेली. काही जातींत हे प्रमाण सत्तरच्या पुढं. मेक्सिकोतल्या २००७ च्या एका पाहणीचा अंदाज असा, की तिथं वर्षाला ६५ ते ७८ हजार पोपट पकडले जातात आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच मरतात. पुढच्या वर्षी मेक्सिकोनं हा व्यापार बंदच केला. हिशेब करून बघा. बाजारातून चार बरण्या आणल्या आणि घरी येईपर्यंत तीन फुटल्या, तर आपण दुकानदाराशी भांडतो. इथं फुटलेल्या तीन बरण्या गिऱ्हाइकाला कधी दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो चौथा, कांडी सोलून खाणारा, गोड.

आफ्रिकन ग्रेची गोष्ट याहून कडू. राखाडी अंग, लाल शेपटी, आणि बोलण्यात पोपटांचा राजा. हे पक्षी हजारोंनी एकाच झाडावर रात्री उतरायचे. पकडणारे फांद्यांना चिकट डिंक लावत आणि माणसाळलेला एखादा पोपट आमिष म्हणून बांधून ठेवत. तो ओरडला की बाकीचे उतरत. आपल्याकडचे जुने पारधी लासा लावत, तीच युक्ती. १९७५ नंतर तेरा लाखांहून जास्त रानटी ग्रे कायदेशीर व्यापारात गेले. चोरटे आणि वाटेत मेलेले वेगळेच. घाना देशात १९९२ पासूनच्या पंचवीसेक वर्षांत त्यांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटली असं २०१६ मध्ये संशोधकांनी मांडलं. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या बैठकीत हा पक्षी साइट्सच्या पहिल्या यादीत गेला.

थोडं विषयांतर करतो, पण राहवत नाही. व्हेनेझुएलात मुठीत मावेल एवढा एक हिरवा पोपट आहे. तिथल्या अभ्यासकांनी घरट्यांत कॅमेरे आणि माइक लावले. दिसलं असं, की आईबाप प्रत्येक पिलासाठी वेगळी हाक वापरतात, पिल्लू ती थोडी बदलून स्वतःची करतं, आणि पुढं थव्यात त्याला त्याच हाकेनं ओळखतात. थोडक्यात, बारसं ढोलीतच होतं. तीन आठवड्यांचं पिल्लू उचलून आपण त्याला 'मिठू' म्हणतो तेव्हा त्याचं आधी एक नाव असू शकतं.

## कागदावरचं पिल्लू

"पण आमचा पक्षी फार्ममध्ये जन्मलेला आहे, तसा कागद आहे," हे उत्तर ठरलेलं. अनेकदा ते खरंही असतं. बरेच परदेशी पोपट आज पिंजऱ्यात पैदा होतात, आणि अशा पक्ष्यामुळे थेट रानाचं नुकसान होत नाही, हे मान्य करायला हवं.

अडचण ओळखण्याची आहे. रानातून आणलेल्या पक्ष्यालाही फार्मचा कागद जोडता येतो. चोरीच्या मोटरसायकलला भंगारातल्या गाडीची नंबरप्लेट आणि आरसी लावतात, तसंच. यावर जगभर वापरला जाणारा साधा उपाय म्हणजे पायातली अखंड कडी. जोड नसलेली, धातूची, वर नंबर. पिल्लू दहा-पंधरा दिवसांचं असताना तीन बोटं पुढं, एक मागं दुमडून ती सरकवतात. नंतर पाय जाड होतो आणि कडी निघतही नाही, नवी घालताही येत नाही. कासारानं लहानपणी चढवलेली तंग बांगडी मोठेपणी हातातून उतरत नाही, तसा प्रकार. अशी अखंड कडी पायात असेल तर पक्षी अगदी लहानपणापासून माणसाच्या हातात होता एवढं नक्की कळतं. कडीला जोड किंवा काप दिसला, तर ती कधीही, कुणालाही घालता येते. विक्रेत्याकडे गेलात तर कागदाआधी पक्ष्याचा पाय बघा.

तरी एक प्रश्न राहतो. फार्ममधला पक्षी बघून शेजाऱ्यालाही हौस येते, आणि त्याला तो स्वस्तात हवा असतो. स्वस्त कुठला, हे सांगायला नको. रील्समध्ये खांद्यावर मकाव घेऊन फिरणाऱ्या पोराचा हेतू वाईट नसतो. पण जाहिरात ती जाहिरातच.

## "पिंजऱ्यात वाढवले म्हणजे जात वाचलीच ना?"

स्पिक्स मकावला विचारा. हा निळसर राखाडी पोपट ब्राझीलच्या ईशान्येतल्या कोरड्या झुडपी रानात, ओढ्याकाठच्या जुन्या काराइबेरा झाडांत राहायचा. झाडं तुटली, शेळ्या-गुरांनी नवी रोपं वाढू दिली नाहीत, आणि उरलेले पक्षी संग्राहकांनी पळवले. १९९० मध्ये अख्ख्या रानात एकच नर उरला होता. त्यानं दुसऱ्याच जातीच्या मकाव मादीशी जोडी जमवली. १९९५ मध्ये पिंजऱ्यातली एक स्पिक्स मादी त्याच्यासाठी सोडली. काही आठवड्यांत ती नाहीशी झाली. २००० नंतर तो नरही दिसला नाही.

पिंजऱ्यांत मात्र काही पक्षी होते. त्यांची पिलं वाढवून २०२२ च्या जूनमध्ये पहिले आठ रानात सोडले, आणि पुढच्या वर्षी रानात पिलंही झाली. मोठी गोष्ट आहे ही, कमी लेखू नये. पण त्यासाठी बावीस वर्षं आणि कित्येक देशांचा पैसा लागला. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला कुठलं फळ कधी पिकतं, ससाणा कुठून येतो, हे आईबापांनी शिकवलेलं नसतं. शिवाय पिंजऱ्यांत रोग पसरतात. चोच आणि पिसं झडवणारा एक विषाणू पोपटांच्या व्यापाराबरोबर जगभर फिरलाय, आणि २०२५ मध्ये तो नेमका त्या सोडलेल्या स्पिक्स मकावांतही सापडला.

उलट टोकाचं उदाहरण हाँगकाँगचं. इंडोनेशिया आणि तिमोरच्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यांपैकी काही तिथं पिंजऱ्यांतून सुटले आणि शहराच्या बागांत स्थिरावले. आज तिथं दोनशेच्या आसपास आहेत, आणि जगात उरलेल्यांपैकी हा साधारण दहावा हिस्सा! मूळ बेटांवर जात संपत चाललीय आणि गगनचुंबी इमारतींमध्ये थवा ओरडतोय. चोरीच्या मालानंच वंश टिकवावा, असं काहीसं. याला वाचणं म्हणायचं का, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

## ऊस तिथलाही

"ब्राझील कुठं, कोल्हापूर कुठं?" हा आक्षेप पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यानं तरी घेऊ नये. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर पूर्वी हिरव्या पोपटांचे प्रचंड थवे होते. मग सखल भागातलं रान ऊस आणि इतर पिकांसाठी, डोंगरउतारावरचं कॉफीसाठी साफ झालं. उरलेले पोपट एका डोंगराच्या ओल्या रानात कोंडले गेले. १९७५ मध्ये मोजले तेव्हा रानात तेरा होते. पिंजऱ्यात वंश वाढवून, पेट्या टांगून त्यांना सावरत आणलं, तर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळानं निम्म्यावर आणलं, आणि २०१७ मध्ये मारियानं त्या डोंगरावरचा थवा जवळजवळ पुसून टाकला. सुदैवानं तोवर बेटावरच्या दुसऱ्या रानात आणखी एक थवा उभा केलेला होता.

वादळं पूर्वीही यायची. पण बेटभर पसरलेल्या पोपटांना एक वादळ संपवू शकत नव्हतं. सगळे एकाच डोंगरावर गोळा झाले की एक रात्र पुरते. २०१९ च्या महापुरात ज्यांचं सगळं पीक एकाच नदीकाठच्या पट्टीत होतं त्यांचं काय झालं, आणि ज्यांचा एखादा तुकडा माळावर होता त्यांचं काय झालं, हे आपल्याला पाठ आहे.

आणि संबंध फक्त उपमेपुरता नाही. भारत हा पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार, आणि ते येतं मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, जिथं पाम लावायला सखल भागातली जुनी, ढोलीची रानं साफ झाली. बाकरवडीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर एकदा वाचून बघा.

## "राघू तर ढिगानं आहेत, वर पीक खातात"

दोन्ही खरं. मामांच्या शेतात माळ्यावर बसून मी स्वतः शाळू राखलाय. पहाटे थवा उतरला की कणसावर उलटं लटकून राघू चार दाणे खातो, अर्धं कणीस तोडून खाली टाकतो आणि पुढच्यावर जातो. गोफणीचा दगड सुटेपर्यंत तीन धाटं बोडकी. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून राघूवर कविता सुचत नाही.

पण राघू हा पोपटांतला अपवाद आहे. दाणे, फळं, फुलं, जे मिळेल ते खातो. नारळाच्या वठलेल्या खोडात, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात संसार मांडतो. इंग्लंडच्या थंडीत, लंडनच्या बागांतही त्याचे हजारोंचे थवे आहेत. तालमीतला एक पैलवान बघून पेठेतली सगळी पोरं धडधाकट आहेत असं म्हणण्यासारखं होईल हे. त्याचाच थोरला भाऊ, खांद्यावर लाल ठिपका असलेला मोठा पोपट, पिलांच्या व्यापारामुळे धोक्याच्या उंबऱ्यावर आहे. राधानगरी-दाजीपूरच्या रानात दिसणारा निळ्या पंखांचा पोपट तर सह्याद्री सोडून जगात कुठंही नाही. ते रान १९५८ पासून राखलेलं आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशात आहे म्हणून बरं.

आणि 'ढिगानं' या शब्दाचा भरवसा धरू नये. अमेरिकेत कॅरोलायना पोपटाचे थवे एके काळी फळबागांवर तुटून पडत. थव्यातला एक मेला की बाकीचे त्याच्याभोवती घिरट्या घालत, म्हणून बंदूकवाल्याला अख्खा थवा मिळायचा. शेवटचा १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

## पकडणाऱ्याच्या पोटाचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. झाडावर चढणाऱ्याला मिळते ती किरकोळ रक्कम. पक्षी जसा शहराकडे सरकतो तशी किंमत वाढत जाते. भाजीच्या धंद्यासारखंच, पैसा मधल्यांचा. नुसता धाक घालून हे थांबत नाही.

फिलिपिन्सच्या रासा नावाच्या छोट्या बेटावर एका स्थानिक संस्थेनं वेगळं केलं. १९९८ च्या सुमारास तिनं पिलं चोरणाऱ्यांनाच राखणदार म्हणून पगारावर घेतलं. कुठल्या झाडात ढोली आहे, पिल्लू कधी उडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तिथल्या काकाकुव्यांची संख्या वाढत गेली. सेंट लुसिया बेटावर १९७० च्या दशकाअखेर पोपट शंभराच्या आसपास उरले होते. १९७९ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी झाला, शाळाशाळांतून, गाण्यांतून, बसवरच्या चित्रांतून 'हा फक्त आपल्याकडेच आहे' हे लोकांच्या मनात भरलं. आता ते हजाराच्या वर आहेत. अभिमान आणि पगार, दोन्ही चालतात असं दिसतं. माझं मत विचाराल तर पगार आधी.

## आज्जींना काय सांगितलं

रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि चहा घेता घेता जमेल तेवढं सांगितलं. की कायदा तुमच्या मायेविरुद्ध नाही, तुमच्या राघूच्या आधी ढोलीतून काढलेल्या आणि वाटेत मेलेल्या पिलांसाठी आहे. की समोरच्या मकावलाही आता नोंद लागते. नसेल तर तेही तुमच्याच रांगेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अकरा वर्षांपूर्वी बाजारात एका पाटीत सात-आठ होते रे," म्हणाल्या. "मला वाटलं मी एकाला वाचवलं." मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

राघू परत मिळेल का, हेही विचारलं. नाही, असं सांगितलं. आणि कुणाकडे पिंजऱ्यातला राघू असेल तर त्यानं दार उघडून तो परस्पर सोडूही नये. उडायची सवय गेलेला पक्षी गल्लीतल्या मांजराला सापडतो. वनखात्याकडे द्यायचा, हेच बरोबर.

त्यांच्या गच्चीसमोर विलायती शिरीषाचं जुनं झाड आहे. दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात, कुजलेल्या जागी, मुठीएवढी ढोली. जानेवारी ते एप्रिल हा राघूच्या विणीचा काळ. आज्जींनी नातवाची दुर्बीण मागून घेतलीय. यंदा त्या ढोलीत आधी साळुंक्या शिरल्या. राघूची जोडी शेजारच्या फांदीवर बसून आरडाओरडा करते, नर मधूनच झेप घेऊन तोंडाशी जातो आणि चोच खाऊन परत येतो. काल संध्याकाळी फोन आला: "अरे, साळुंकी गवत बाहेर टाकतेय की आत नेतेय, ते काही केल्या कळेना. तू येऊन बघ."